'तक्रार नाही' असं लिहू देऊ नका

(वरोर, ता. डहाणू, इथे पोरांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसंच लिहून काढलंय. तारखा आणि कलमं तेवढी नंतर तपासून घातली.)



सुरुवातीलाच उघड सांगतो. मी गोदी कामगार. बंदराची भाकरी खातो. आणि तुमच्या या किनाऱ्यावर पोरासोरांच्या तोंडी घोषणा आहे, 'एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द'. तेव्हा हा गोदीवाला इथे काय सांगायला आलाय, असं कुणाच्या मनात आलं असेल तर ते रास्तच आहे. बंदर किती हातांना काम देतं आणि किती होड्या गिळतं, याचा हिशेब आपण एकदा बसून मांडू. आज मी जामिनावर बोलणार आहे. त्यातही आजारी आरोपीच्या जामिनावर.

हा विषय वरोरला कशाला, असं कुणी विचारेल. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरात पंतप्रधानांच्या हातून या बंदराची पायाभरणी झाली. ७६ हजार २०० कोटींचं काम. एवढा पैसा जिथे उतरतो तिथे त्याच्या आधी पोलिसांची गाडी उतरते. मोर्चा काढला की बेकायदा जमाव. रस्त्यावर बसलं की सरकारी कामात अडथळा. एफआयआरमध्ये पाच-सहा नावं आणि पुढे 'व इतर'. त्या 'व इतर'मध्ये कुणालाही कोंबता येतं. तुम्हालाही, मलाही.

आता बघा, गुन्हा दाखल होतो नावावर, पण आत जातं ते शरीर. कुणाला साखर, कुणाला बीपी, कुणाला दमा. पाड्यांवर सिकलसेल. सिकलसेलच्या पोराला थंड फरशीवर रात्रभर तहानलेलं ठेवलं तर त्याची हाडं कशी ठणकतात, ते त्याच्या आईला विचारा. पोलिसाला ते ठाऊक नसतं. त्याच्या लेखी आरोपी म्हणजे एक नग.

आमच्या गोदीत नगसुद्धा असा घेत नाहीत. जहाजातून माल उतरताना टॅली क्लार्क वही घेऊन उभा असतो. पेटी फुटकी आली तर 'फुटकी' असं लिहूनच उतरवतात. नाहीतर उद्या मालक विचारील, फोडली कुणी? पेटीला जी पावती मिळते ती माणसाला ठाण्याच्या दारात मिळते का? कायद्याने मिळायला पाहिजे. मिळते का, हा प्रश्न आहे. माझं आजचं सगळं भाषण या पावतीवर आहे.

आधी कायदा काय म्हणतो ते बघू. मी मॅट्रिक. वकील नाही. पण कलम वाचायला मॅट्रिक पुरतं.

जुन्या फौजदारी संहितेत ४३७ कलम होतं. १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता आली, त्यात ते ४८० झालं. त्यात लिहिलंय की गुन्हा अगदी फाशी-जन्मठेपेचा असला तरी आरोपी बाई असेल, मूल असेल, आजारी किंवा दुर्बळ असेल, तर कोर्ट त्याला जामिनावर सोडू शकतं. इथला 'शकतं' हा शब्द नीट ऐका. 'सोडेल' म्हटलेलं नाही. या एका शब्दाच्या फटीतून कोण बाहेर आलं आणि कोण आतच मेलं, ते आता सांगतो.

१९२४ साल. येरवड्याच्या तुरुंगात गांधी सहा वर्षांची सजा भोगत होते. जानेवारीत पोटात दुखायला लागलं, आंत्रपुच्छ सुजलं. इंग्रजाने त्यांना पुण्याच्या ससूनमध्ये नेलं. १२ जानेवारीच्या रात्री कर्नल मॅडॉक नावाच्या गोऱ्या सर्जनने ऑपरेशन केलं. ५ फेब्रुवारीला सरकारने गांधींना सोडून दिलं. अट नाही, जामीन नाही. चार वर्षांची सजा बाकी होती, ती माफ. गांधींचं आणि आपलं काय भांडण आहे ते इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. याच येरवड्यात १९३२ ला पुणे करार झाला. तरी मी म्हणतो, सोडलं ते बरं केलं. आजारी माणसाला सोडायलाच पाहिजे.

आता ९७ वर्षं पुढे या. तेच येरवडा, तेच ससून, तोच जानेवारी महिना. कांचन ननावरे, आदिवासी बाई, २०१४ पासून आत. खटला चालूच. जन्मापासून हृदयाचा रोग. जामिनाचा अर्ज हायकोर्टात होता. जानेवारी २०२१ मध्ये तिला ससूनला नेलं, मेंदूचं ऑपरेशन केलं. घरच्यांना आधी कळवलंसुद्धा नाही, अशी तक्रार झाली. २४ जानेवारीला ती मेली. वय चाळिशीच्या आतलं. अर्ज तिथेच राहिला.

दवाखाना एक, तुरुंग एक. गांधी इंग्रजांचा शत्रू होता आणि कांचन स्वतंत्र भारताची नागरिक होती. तरी शत्रूला दार उघडलं आणि नागरिकाला उघडलं नाही. का? गांधी तुरुंगात मेले असते तर अख्खा देश पेटला असता. इंग्रजाला तेवढं गणित येत होतं. कांचन मेली तेव्हा काय पेटलं? आणीबाणीतही तेच. १२ नोव्हेंबर १९७५ ला जयप्रकाशांना मूत्रपिंडं गेल्यावर सोडलं, मुंबईत जसलोकमध्ये आणलं, आणि ते पुढे जवळजवळ चार वर्षं जगले. म्हणजे सरकारला आजार कळत नाही असं नाही. सरकारला आजार कळतो, तो कुणाचा आहे ते पाहून कळतो.

दुसरी गोष्ट स्टॅन स्वामींची. ८ ऑक्टोबर २०२० ला रांचीत एनआयएने उचलला हा म्हातारा पाद्री. वय ८३. पार्किन्सनने हात थरथरायचे, पेला धरता येत नव्हता. नोव्हेंबरात त्यांनी कोर्टाकडे पाणी प्यायला सिपर आणि स्ट्रॉ मागितला. उत्तर द्यायला एनआयएने २० दिवस घेतले आणि सांगितलं, स्ट्रॉ आमच्याकडे नाही. मित्रहो, पानाच्या टपरीवर स्ट्रॉ फुकट मिळतो! आजारपणाचा जामीन मागितला, तो खालच्या कोर्टाने ऑक्टोबरातच फेटाळला होता. मे २०२१ मध्ये हायकोर्टासमोर व्हिडिओवर ते स्वतः बोलले, मला दवाखान्यात नको, माझ्या माणसांत रांचीला जाऊ द्या. अखेर मेच्या शेवटी कोर्टाच्या हुकमाने वांद्र्याच्या होली फॅमिलीत नेलं. ५ जुलैला जामिनाची सुनावणी होती. त्याच सुनावणीत त्यांच्या डॉक्टरने कोर्टाला सांगितलं, ते दुपारी गेले. खटला तोवर सुरूसुद्धा झाला नव्हता.

त्याच भीमा-कोरेगावच्या केसमधला तेलुगू कवी वरवर राव. ऐंशी ओलांडलेले. त्यांना मुंबई हायकोर्टाने २२ फेब्रुवारी २०२१ ला सहा महिन्यांचा तात्पुरता जामीन दिला. हा निकाल आपण डोक्यात ठेवायचा. कारण त्यात कोर्टाने घटनेचं २१ वं कलम पुढे केलं आणि तळोज्याचा तुरुंगातला दवाखाना अशा रोग्याला सांभाळायला पुरा पडणारा नाही, असं म्हटलं. पण सोबत अट घातली, मुंबई सोडायची नाही. माणूस हैदराबादचा. म्हातारपणी परक्या शहरात भाड्याची खोली बघायची, औषधपाणी तिथेच करायचं, आणि दर मुदतीला पुन्हा मुदतवाढ मागायला उभं राहायचं. १० ऑगस्ट २०२२ ला सुप्रीम कोर्टाने ती मुदतीची टांगती तलवार काढली.

मग सांगा, स्वामींना का नाही मिळाला? इथे कायद्याचा दुसरा डाव बघा. यूएपीए कायद्यात २००८ ला ४३ड हे कलम घुसवलं. आरोप वरकरणी खरा वाटला की खालच्या कोर्टाने जामीन द्यायचाच नाही. त्या कलमात आजारी माणसासाठी, म्हाताऱ्यासाठी एक ओळ नाही. आता दुसरा कडक कायदा घ्या, काळ्या पैशाचा, पीएमएलए. त्याच्या ४५ व्या कलमातही जामीन अवघड. पण तिथे खाली ओळ जोडलेली आहे, आरोपी आजारी किंवा दुर्बळ असेल तर सोडता येईल. त्या कायद्याखाली आत गेलेले माजी मंत्री नवाब मलिक यांना किडनीच्या आजारासाठी ११ ऑगस्ट २०२३ ला सुप्रीम कोर्टाने दोन महिन्यांचा जामीन दिला. जेट एअरवेजचे नरेश गोयल यांना कॅन्सरसाठी ६ मे २०२४ ला मुंबई हायकोर्टाने दिला. दोघांच्याही मुदती पुढे वाढल्या. मिळाला ते चांगलं झालं. कॅन्सरला पक्ष नसतो, किडनीला जात नसते. माझा सवाल कायदा लिहिणाऱ्यांना आहे. पैशाच्या गुन्ह्यातला आरोपी आजारी पडू शकतो, हे तुम्हाला लिहिताना आठवलं. मग विचारांच्या गुन्ह्यातला आरोपी आजारी पडू शकतो, हे का आठवलं नाही? त्याला काय लोखंडाचं हृदय असतं?

गडचिरोलीचा पांडू नरोटे घ्या. प्रा. साईबाबांच्या केसमधला आदिवासी शेतकरी. २०१७ ला जन्मठेप झाली. अपील चालू. ऑगस्ट २०२२ मध्ये नागपूरच्या तुरुंगात ताप आला. साधा ताप, मग स्वाइन फ्लू. २५ ऑगस्टला गेला. १४ ऑक्टोबरला हायकोर्टाने सगळ्यांना निर्दोष सोडलं. पन्नास दिवस, मित्रहो! तो निकाल सुप्रीम कोर्टाने बाजूला सारला, पुन्हा सुनावणी झाली, ५ मार्च २०२४ ला हायकोर्टाने पुन्हा निर्दोष ठरवलं. पांडू मेल्यावर दोनदा निर्दोष सुटला. व्हीलचेअरवरचे साईबाबा जिवंत बाहेर आले आणि सात महिन्यांत, १२ ऑक्टोबर २०२४ ला, हैदराबादला गेले. महेश राऊत, गडचिरोलीत ग्रामसभांचं काम करणारा तरुण. त्याला २०२३ ला हायकोर्टाने जामीन दिला, पण हुकमाला स्थगिती बसली. संधिवाताने सांधे धरले, तेव्हा १६ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाने उपचारासाठी सहा आठवडे दिले. म्हणजे जामीन मिळालेला माणूस दोन वर्षं आत बसला आणि शेवटी सांधे आखडले म्हणून बाहेर आला.

तुम्ही म्हणाल, ही सगळी मोठ्या केसची मोठी नावं. आमच्यावर कुठे यूएपीए लागतोय? बरोबर. म्हणून आता लहान केसकडे येतो. तिथे कायदा सोपा असतो आणि माणूस तरी मरतो.

डिसेंबर २०२४, परभणी. बाबासाहेबांच्या पुतळ्यापुढची संविधानाची प्रतिकृती फोडली म्हणून लोक रस्त्यावर आले. त्यात सोमनाथ सूर्यवंशीला पकडलं. कायद्याचा विद्यार्थी. पोलीस कोठडी, मग न्यायालयीन कोठडी, आणि १५ डिसेंबरला मृत्यू. सरकारने विधानसभेत सांगितलं, त्याला श्वसनाचा आजार होता, आणि मॅजिस्ट्रेटपुढे त्याने काही तक्रार केली नव्हती. शवविच्छेदनात आलं, अनेक जखमांमुळे बसलेला धक्का. जुलै २०२५ मध्ये हायकोर्टाने पोलिसांवर गुन्हा नोंदवायला सांगितलं, सुप्रीम कोर्टाने तो हुकूम कायम ठेवला. आता कळलं, मी पावतीवर का अडून बसलोय? जिवंतपणी कागदावर 'तक्रार नाही' लिहिलं जातं, आणि मेल्यावर त्याच कागदावर आजार चिकटवला जातो. हवा तेव्हा नसलेला आजार, नको तेव्हा उगवतो.

आमच्या वस्तीतली गोष्ट सांगतो. गडी साखरेचा रोगी, दिवसाला दोन इन्सुलिन. भांडणात पोलिसांनी उचलला. कुठल्या ठाण्याने ते राहू द्या. मॅजिस्ट्रेटने विचारलं, काही तक्रार? मागे हवालदार उभा. हा म्हणाला, नाही साहेब. झालं! वहिनीने इन्सुलिन नेलं ते दारातून परत, कागदावर रोगच नव्हता. पाच दिवसांनी जामीन झाला. पंधरा हजारांचा जामीनदार आणा. जामीनदार म्हणजे ज्याच्याकडे सातबारा, पगाराची स्लिप, ऐपतीचा दाखला. आमच्या वस्तीत सातबारा कुणाकडे? आमच्या पगाराची स्लिप ठेकेदाराच्या खिशात. जामीनदार मिळायला आणखी १९ दिवस गेले. तोवर पायाची जखम सडली. बाहेर आला तो थेट ऑपरेशनला. दोन बोटं कापली. भांडणाची केस नंतर मिटली. बोटं काही परत आली नाहीत.

तुमच्याकडे तरी सातबारा कुठे धड आहे? कोळ्याची शेती समुद्रात. समुद्राचा उतारा तलाठी देत नाही. पाड्यावरच्या माणसाकडे वनपट्टा, तोही अजून दाव्यात. म्हणजे कोर्ट सोडतं आणि कागद अडकवतो. १९७८ ला सुप्रीम कोर्टात मोतीराम नावाच्या गवंड्याची केस आली होती. जामीन दहा हजारांचा, आणि परजिल्ह्यातला भाऊ जामीनदार चालणार नाही म्हणाले. न्यायमूर्ती कृष्ण अय्यरांनी झापलं. गरिबाला पेलेल एवढीच रक्कम ठेवा, जातमुचलक्यावरही सोडा. त्यालाही आता किती वर्षं झाली! आणि तुरुंग बघा. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार २२० माणसं होती, त्यातली ४ लाख ३४ हजार ३०२ कच्चे कैदी. शंभरातले पंचाहत्तर असे, ज्यांचा गुन्हा सिद्ध झालेला नाही. ते कोणत्या वस्त्यांतून आलेत, ते मी इथे सांगायला नको.

रडून झालं. आता करायचं काय ते ऐका. पोरांनी लिहून घ्या.

एक. घरात ज्याला आजार आहे त्याचे कागद एका पिशवीत ठेवा. केसपेपर, गोळ्यांची चिठ्ठी, सिकलसेलचं कार्ड. इथला रोगी कधी वलसाड-सिल्वासाला जातो, कधी मुंबईला, कागद चार ठिकाणी पडतात. झेरॉक्स काढा. एक प्रत शेजाऱ्याकडे, एक मंडळाकडे. पोलीस कागद बघून पकडत नाहीत, पण कोर्ट कागद बघूनच सोडतं.

दोन. अटकेनंतर डॉक्टरी तपासणी हा हक्क आहे. नव्या संहितेचं कलम ५३. तपासणीची प्रत आरोपीला किंवा तो सांगेल त्या माणसाला मिळाली पाहिजे. हीच ती पावती. मागा. कोठडीत असेपर्यंत दर ४८ तासांनी तपासणी, हे सुप्रीम कोर्टाने डी. के. बसूंच्या केसमध्ये १९९६ ला घालून दिलंय. आणि कलम ५६ म्हणतं, कोठडीतल्या माणसाच्या प्रकृतीची काळजी घेणं हे कोठडीवाल्याचं कर्तव्य आहे. म्हणजे औषध देतो तो उपकार करत नाही.

तीन. २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करतात. तो विचारील, तक्रार आहे का? तिथे तोंड उघडायचं. रोग सांगा, गोळी सांगा, मार बसला असेल तर जागा दाखवा. आणि म्हणा, साहेब, हे लिहून घ्या. मागे हवालदार असू दे. तो मिनिट गेला की पुढचे महिने जातात. 'तक्रार नाही' हे दोन शब्द आपल्या माणसाच्या नावापुढे कुणालाही लिहू देऊ नका.

चार. वकील परवडत नाही म्हणून गप्प बसू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्यात दलित, आदिवासी, बाई आणि कोठडीतला कुणीही माणूस, यांना उत्पन्न न बघता फुकट वकील आहे. जामीन होऊनही सात दिवसांत माणूस सुटला नाही, तर तुरुंगाच्या अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, असं ३१ जानेवारी २०२३ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय. सात दिवस मोजा. आठव्या दिवशी अर्ज घेऊन दारात जा.

पाच. जामीनदारांची यादी करा. गावात ज्यांच्याकडे धड कागद आहेत, डाय बनवणारा कारखानदार असेल, शिक्षक असेल, रेल्वेतला नोकरदार असेल, त्यांना आजच विचारून ठेवा. काका, वेळ आली तर उभे राहाल ना? अटक झाल्यावर विचारलं तर माणूस घाबरतो. शांततेत विचारलं तर विचार करतो. मुंबईच्या दोस्तांनो, हे काम तुमच्यासाठीही आहे. इथल्या माणसाला कोठडी झाली की त्याला ठाणे-कल्याणला नेतील. इथल्या बाईने वाणगावहून लोकल बदलत तिथे किती वेळा यायचं? भेटीला, दवाखान्यात, कोर्टात तुम्ही जा. कविता लिहिणं बंद करू नका. पण कैद्याला दवाखान्यात न्यायला एस्कॉर्ट नाही, असं तुरुंगवाला म्हणाला तर दुसऱ्या दिवशी दहा जण त्याच्या दारात उभे पाहिजेत. गांधींच्या मागे देश होता. आपल्या माणसाच्या मागे निदान दहा जण तरी दिसू द्या.

आणि सरकारकडे आपली मागणी सरळ आहे. यूएपीएसकट प्रत्येक कायद्यात आजारी आरोपीसाठी ती एक ओळ घाला. आजारपणाच्या अर्जाला तारीख द्यायची नाही, ठरल्या दिवसांत निकाल. आणि आजाराचा दाखला तुरुंगाच्या ताब्याबाहेरच्या डॉक्टरचा. ही भीक नाही. गुन्हा सिद्ध व्हायच्या आधी कुणाला सजा देता येत नाही, आणि उपचार न मिळणं ही सजाच आहे. कधीकधी फाशीचीच.

संविधान घडत होतं त्या वर्षांत बाबासाहेबांना साखरेच्या रोगाने पोखरलं होतं. पाय दुखायचे, झोप लागायची नाही. इन्सुलिन म्हणजे काय, रात्र म्हणजे काय, हे त्यांच्या शरीराला ठाऊक होतं. त्या संविधानात २१ वं कलम आहे, जीविताचा हक्क. त्यात आरोपी वगळून असं कुठे लिहिलेलं नाही. मोर्चात जाल तेव्हा तो हक्क आणि कागदांची पिशवी, दोन्ही घेऊन जा. बैठक संपल्यावर जामीनदारांच्या यादीची वही टेबलावर ठेवतोय. पहिलं नाव कोण लिहितंय?

जय भीम! जोहार!